आधी तारीख, मग गोष्ट

सुपरहिरोपटांना प्रेक्षक कंटाळले आहेत, हे विधान गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासून पाहावे असे आता कोणाला वाटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘द मार्व्हल्स’ने जगभरात जेमतेम २० कोटी डॉलर मिळवले, मार्व्हलच्या चित्रपटमालिकेतला तो नीचांक ठरला आणि तेव्हापासून या विधानाला पुराव्याचे वजन आले. पण त्याच वर्षी मे महिन्यात ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या तिसऱ्या भागाने ८० कोटी डॉलरचा पल्ला पार केला होता आणि पुढच्याच वर्षी ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ १३० कोटींच्याही पुढे गेला. प्रेक्षक खरोखरच या प्रकाराला विटले असते तर त्यांनी असा निवाडा केला नसता. त्यांनी सगळ्यांकडेच पाठ फिरवली असती.

सुपरहिरोपट, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांवर माझे मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच या घसरणीचे निदान चुकू नये असे मला वाटते. दोष प्रकारात नाही आणि प्रेक्षकांच्या उत्साहातही नाही. प्रदर्शनाची तारीख आधी जाहीर करायची आणि मग त्या तारखेमागे पटकथा, दिग्दर्शक आणि हजारो तंत्रज्ञ यांना फरफटत न्यायचे, ही जी निर्मितीची पद्धत रूढ झाली आहे, ती या चित्रपटांना आतून पोखरते आहे. ही पद्धत रूढ होत असताना तिला सर्वांत जास्त टाळ्या आपण चाहत्यांनीच वाजवल्या, हेही तितकेच खरे आहे.

‘आयर्न मॅन’ २००८ मध्ये आला आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ २०१९ मध्ये. या अकरा वर्षांत मार्व्हलचे २२ चित्रपट झाले, म्हणजे सरासरी वर्षाला दोन. त्यानंतर डिस्नेची ओटीटी सेवा सुरू झाली, तिला सतत नवे काहीतरी हवे होते, आणि २०२१ या एकाच वर्षात मार्व्हलचे चार चित्रपट व पाच मालिका प्रेक्षकांपुढे आल्या. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले की, या वाढीव उत्पादनामुळे लक्ष विखुरले गेले. चित्रपटांची संख्या कमी करण्याचा निर्णयही झाला आणि २०२४ मध्ये मार्व्हलचा एकच चित्रपट प्रदर्शित झाला. पण संख्या हे केवळ वरचे लक्षण आहे. खरा आजार ‘ब्लेड’च्या वाटचालीत दिसतो. जुलै २०१९ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात अभिनेते महेरशाला अली यांना मंचावर आणून हा चित्रपट जाहीर झाला, सभागृह दणाणून गेले, नंतर त्याला प्रदर्शनाची तारीख मिळाली, ती बदलली, पुन्हा बदलली, दिग्दर्शक आले आणि गेले, लेखक आले आणि गेले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो वेळापत्रकातून काढून टाकण्यात आला. त्याला तारखा अनेक मिळाल्या, पण चित्रीकरणाला घेऊन जावी अशी पटकथा हाती आली नाही. त्या सभागृहातल्या जल्लोषात आपण नेमके कशाचे स्वागत केले होते? एका नावाचे, एका बोधचिन्हाचे आणि पुढे कधीतरी येणाऱ्या एका आकड्याचे.

तारखेचा दाब प्रत्यक्ष पडद्यावर कसा उतरतो, हे समजण्यासाठी व्हीएफएक्समधले, म्हणजे संगणकावर दृश्ये रचण्याच्या कलेतले, सर्वांत साधे समजले जाणारे काम पाहावे. त्याला रोटो म्हणतात. नट हिरव्या पडद्यापुढे उभा नसेल, किंवा असूनही प्रकाश बिघडलेला असेल, तर त्याची आकृती मागच्या दृश्यापासून हाताने वेगळी करावी लागते. कलाकार संगणकावर नटाच्या कडेने वक्ररेषा आखतो: डोके वेगळे, मान वेगळी, दंड वेगळा, बोटे वेगळी, कारण प्रत्येक अवयव स्वतंत्रपणे हलतो. एका सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला १२० फ्रेम. मधल्या काही फ्रेम संगणक जुळवून देतो, पण हात वळला, केस उडाले किंवा वेगामुळे कड धूसर झाली की रेषा पुन्हा हातानेच बसवाव्या लागतात. कड एखाददुसऱ्या पिक्सेलने सरकली तरी नट कापून चिकटवल्यासारखा दिसतो, आणि पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता आले नाही तरी काहीतरी खोटे आहे हे लगेच जाणवते. या कामाचा मोठा वाटा भारतात होतो. मुंबई, हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई येथल्या स्टुडिओंमध्ये मुले-मुली आठवडेच्या आठवडे त्या कडा आखत असतात. आता समजा, प्रदर्शनाला दोन महिने उरलेले असताना अमेरिकेतल्या निर्मात्यांनी ठरवले की शेवटची लढाई दिवसाऐवजी रात्री व्हावी, किंवा नायकाचा पोशाख वेगळा असावा. आखलेल्या कडांपैकी काही उपयोगी पडतात, बाकीच्या वाया जातात, रंग आणि प्रकाश यांचे काम मुळापासून नव्याने करावे लागते, आणि तारीख मात्र तिथेच राहते. ‘शी-हल्क’च्या झलकीतली हिरवी त्वचा किंवा ‘ब्लॅक पँथर’च्या अखेरच्या झटापटीतल्या वजन हरवलेल्या आकृत्या पाहून आपण ज्याला ‘घटिया ग्राफिक्स’ म्हणतो, त्यामागे कौशल्याची उणीव क्वचित असते. बहुतेक वेळा तिथे उशिरा घेतलेला निर्णय असतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. पहिला ‘आयर्न मॅन’ तरी कुठे पूर्ण पटकथेनिशी चित्रित झाला होता? संवाद सेटवर घडवले जात होते, रॉबर्ट डाउनी ज्युनियर आणि जेफ ब्रिजेस ऐनवेळी प्रसंग रचत होते, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, तो चित्रपट जिवंत झाला. हे खरे आहे. पण तिथे नेमके काय ऐनवेळी ठरत होते, ते पाहिले पाहिजे. दोन माणसे एका खोलीत काय बोलतील, हे ऐनवेळी ठरत होते, आणि ते ठरवणारा दिग्दर्शक तिथेच हजर होता. चिलखत कसे दिसेल, ते कोणत्या धातूचे वाटेल, त्याचे भाग एकमेकांत कसे बसतील, हे आधीच ठरले होते; स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओने ते प्रत्यक्ष बनवले होते आणि संगणकावर काम करणाऱ्यांपुढे नक्कल करायला खरी वस्तू होती. नटांची उत्स्फूर्तता आणि निर्मात्यांची अनिश्चितता या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे प्रसंगात प्राण येतो; दुसरीची किंमत सातासमुद्रापार बसलेल्या आणि त्या निर्णयात काडीचाही सहभाग नसलेल्या माणसाला जागरणे करून चुकवावी लागते.

वेळेने काय फरक पडतो याचा इतका स्वच्छ दाखला मला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि ‘हॉबिट’ या दोन चित्रत्रयींइतका दुसरीकडे कुठे मिळत नाही, कारण त्यात वेळ सोडून जवळपास सगळे समान आहे. दिग्दर्शक पीटर जॅक्सन तेच, लेखक टॉल्किन तेच, देश न्यूझीलंड तोच, वेटा कार्यशाळा तीच, ॲलन ली आणि जॉन हाव हे संकल्पनाचित्रकारही तेच. पहिल्या त्रयीची तयारी १९९७ पासून सुरू होती आणि चित्रीकरण ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात मटामाटाच्या शेतावर हॉबिट या कथेतल्या बुटक्या लोकांचे गाव उभारले गेले आणि चित्रीकरणाच्या सुमारे वर्षभर आधी तिथे भाजीपाला व फुलझाडे लावून ठेवण्यात आली, म्हणजे कॅमेरा पोहोचेल तेव्हा गाव नुकतेच रंगवल्यासारखे न दिसता पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले दिसेल. सैनिकांच्या जाळीदार चिलखतांच्या कड्या माणसांनी बसून हातांनी ओवल्या. यातले बरेचसे पडद्यावर एखाद्या क्षणापुरतेच दिसते, पण त्या जगात आपण तीन तास बसू शकतो ते त्याच्याच बळावर.

‘हॉबिट’चे आधीचे दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो होते. निर्मिती रखडत राहिली आणि मे २०१० मध्ये ते बाहेर पडले. जॅक्सन यांनी सूत्रे हाती घेतली आणि मार्च २०११ मध्ये चित्रीकरण सुरूही झाले. देल तोरो यांच्या कल्पनेतले जग बाजूला ठेवून स्वतःचे जग रचायला जॅक्सन यांना पहिल्या त्रयीइतकी वर्षे मिळाली नाहीत. तिसऱ्या चित्रपटाच्या डीव्हीडीबरोबरच्या माहितीपटात त्यांनी हे कमालीच्या प्रामाणिकपणे सांगितले आहे: आराखडे नसताना आपण सेटवर जात होतो, काय चित्रित करायचे ते तिथेच ठरवत होतो, आणि अखेरच्या मोठ्या लढाईपाशी आल्यावर आपल्याला थांबावे लागले. ती लढाई पुढच्या वर्षावर ढकलण्यात आली. मध्येच, जुलै २०१२ मध्ये, दोन चित्रपटांचे तीन करण्याचा निर्णय झाला. खलनायक अझॉगची गोष्ट तर फार बोलकी आहे. त्यासाठी मुखवटा आणि रंगभूषा करून एक नट आधी चित्रितही झाला होता. ते रूप पसंत पडले नाही आणि पहिल्या चित्रपटाच्या प्रदर्शनाला फार दिवस उरलेले नसताना मनू बेनेट यांच्या अभिनयावर बेतलेला संगणकीय अझॉग तयार करण्यात आला. पहिल्या त्रयीतल्या ऑर्क या राक्षसी सैनिकांच्या कातडीवरचा घाम, दातांची घाण आणि चिखलात रुतलेले पाय आठवून पाहा आणि मग हा गुळगुळीत, पांढुरका अझॉग पाहा. तंत्रज्ञान दहा वर्षांनी पुढे गेले होते, तरी भीती मागे राहिली.

‘हॉबिट’ने पैसा कमावला नाही असे नाही, तिन्ही चित्रपटांची कमाई प्रत्येकी शंभर कोटी डॉलरच्या आसपास पोहोचली. याच आकड्यांनी हॉलिवूडची दिशाभूल केली असे माझे मत आहे. तिकीटखिडकीवर मागच्या पुण्याईची वसुली होते. ‘रिटर्न ऑफ द किंग’ला ११ ऑस्कर मिळाले, आणि ते चित्रपट आजही लोक घरी पुन्हा पुन्हा लावतात, मुलांना दाखवतात, त्यांवर वाद घालतात, ‘हॉबिट’च्या तिसऱ्या भागाविषयी असे कोणाला करताना मी पाहिलेले नाही. घाईचे नुकसान त्या चित्रपटाच्या हिशोबात दिसत नाही, ते पुढच्या चित्रपटांच्या वाट्याला येते. मार्व्हलने २०२१ आणि २०२२ मध्ये घाईने जे दाखवले, त्याची किंमत २०२३ मध्ये ‘द मार्व्हल्स’ने मोजली, आणि मग आपण म्हणालो की प्रेक्षक कंटाळले.

या घाईचे दुसरे टोक थेट मुंबईत आहे, त्यामुळे मराठी चाहत्याने तरी हा प्रश्न परका मानू नये. ‘अवतार’ने डिसेंबर २००९ मध्ये थ्रीडीचा बाजार उघडला आणि वॉर्नर ब्रदर्सने साध्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेला ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ थ्रीडीत रूपांतरित करायचे ठरवले. ते काम मुंबईत मुख्यालय असलेल्या प्राइम फोकस कंपनीकडे आले. चित्रपट एप्रिल २०१० मध्ये लागायचा होता आणि हाताशी सुमारे दहा आठवडे होते. चित्रपट लागल्यावर त्या थ्रीडीची जगभर हेटाळणी झाली. हेटाळणी करणाऱ्यांमध्ये चाहतेच पुढे होते, पण दहा आठवड्यांत हे होऊ शकते असे ज्यांनी ठरवले, त्यांची नावे फारशी कोणी घेतली नाहीत.

त्याहून मन विषण्ण करणारी घटना फेब्रुवारी २०१३ मधली आहे. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ ज्यांनी घडवला, त्या ऱ्हिदम अँड ह्यूज स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याच वाघासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. या स्टुडिओच्या शाखा मुंबई आणि हैदराबादमध्येही होत्या, आणि तो वाघ अंशतः आपल्या माणसांच्या हातचा होता. एवढे उत्तम काम करणारा स्टुडिओ बुडतो, याचे एक मोठे कारण ठेक्याच्या रीतीत आहे: काम एकरकमी बोलीवर घ्यायचे, बदल मात्र निर्माता म्हणेल तितके करायचे, आणि वाढलेल्या तासांचा भार स्टुडिओने सोसायचा. नकार द्यावा तर पुढचे काम प्रतिस्पर्ध्याकडे जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हीएफएक्स स्टुडिओ चालवणारा टेक्निकलर समूह कोसळला तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतल्या हजारो कलाकारांवर नोकरी गमावण्याची पाळी आली.

सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या थेट नोकरीत असलेल्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने संघटित होण्याचा कौल दिला, ही स्वागतार्ह गोष्ट होती. पण ते सुमारे पन्नास जण होते, आणि ठेकेदार स्टुडिओंमध्ये काम करणाऱ्यांना, गोरेगावात रोटो करणाऱ्या मुलीला तर नाहीच, त्या कौलाचे संरक्षण मिळत नाही. इथे आणखी एक अवघड गोष्ट मान्य केली पाहिजे. ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा अलीकडच्या काळातला सर्वांत देखणा सुपरहिरोपट आहे असे मी मानतो, आणि त्याच चित्रपटाच्या निर्मितीत सततच्या फेरफारांना कंटाळून सुमारे शंभर कलाकार सोडून गेल्याचे वृत्त जून २०२३ मध्ये आले होते. निर्मात्यांनी आपली बाजू मांडली, फेरफार हा कलेचा भागच असतो असे सांगितले. तसा तो असतोच. मात्र चित्रपट उत्तम झाला म्हणून तो घडवताना माणसे पिळली गेली हे क्षम्य ठरत नाही, आणि चाहत्याने निदान स्वतःशी तरी हे दोन हिशोब वेगळे मांडावेत.

दुसरा मार्ग शक्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर जपानने दिले आहे. मार्च २०२४ मध्ये व्हीएफएक्सचे ऑस्कर ‘गॉडझिला मायनस वन’ला मिळाले, आणि त्याने मागे टाकलेल्या चित्रपटांत मार्व्हलचा ‘गार्डियन्स’ही होता. ३५ कलाकारांच्या चमूने त्याचे ६१० शॉट केले. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी हे स्वतःच व्हीएफएक्सचे प्रमुख होते आणि चमूबरोबर एकाच ठिकाणी बसत होते. कोणता शॉट चालेल आणि कोणता नाही, हे तिथल्या तिथे ठरत होते. चमूतल्या एका तरुण कलाकाराने स्वतःच्या हौसेने पाण्याच्या लाटांवर प्रयोग केले होते, ते पाहून यामाझाकींनी समुद्रावरचे प्रसंग वाढवले. लाकडी नौकेचा पाठलाग करत येणारा तो राक्षस ज्याने पाहिला असेल, त्याला त्या पाण्याचे वजन आठवत असेल. जपानी स्टुडिओंमध्ये पगार कमी आहेत आणि तिथली कामाची पद्धत आदर्श आहे असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा एवढाच आहे की निर्णय घेणारा आणि काम करणारा एकमेकांजवळ असले आणि काय घडवायचे ते आधी ठरलेले असले, की मोजक्या माणसांतही थरार उभा राहतो. जेम्स गन यांनी डीसीच्या चित्रपटांची सूत्रे घेतल्यावर पटकथा पूर्ण झाल्याशिवाय चित्रपट सुरू करायचा नाही, असा नियम जाहीर केला. तो पाळला जातो की नाही, याकडे आपण बारकाईने लक्ष ठेवले पाहिजे.

कारण चाहत्यांच्या आवाजाला जोर आहे, हे आता सिद्ध झाले आहे. एप्रिल २०१९ मध्ये व्हिडिओ गेमवर बेतलेल्या ‘सॉनिक’ची झलक आली, त्याचे दात आणि डोळे पाहून चाहत्यांनी इतका गहजब केला की निर्मात्यांनी पात्राचे रूप बदलले आणि चित्रपट नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर नेला. हा चाहत्यांचा विजय म्हणून सांगितला जातो. त्या कामात असलेला एमपीसी या व्हीएफएक्स कंपनीचा व्हँकुव्हरमधला स्टुडिओ मात्र डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे चित्रपट लागण्याआधीच, बंद झाला. त्या दोन घटनांत थेट कार्यकारणसंबंध जोडणे योग्य नाही, कंपनीने बाजारातली वेगळी कारणे दिली होती. तरीही ज्यांनी आपला हट्ट पुरवला त्यांचे पुढे काय झाले, हे आपण विचारलेही नाही, ही गोष्ट मला आजही खटकते. हा आवाज आपण वेगळ्या कामासाठी वापरू शकतो. तारखांची यादी जाहीर झाली की जल्लोष करण्याऐवजी पटकथा तयार आहे का असे विचारता येईल, चित्रपट लांबला की ‘रखडला’ म्हणून हिणवण्याऐवजी कशासाठी लांबला ते पाहता येईल, आणि एखादा शॉट फसला की कलाकाराची टर उडवण्याऐवजी त्याला किती आठवडे मिळाले होते याची चौकशी करता येईल.

आपल्याकडे या प्रश्नाची परीक्षा जवळच आली आहे. ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’ची झलक ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, तिची खिल्ली उडाली, चित्रपट जानेवारीवरून जून २०२३ वर गेला, आणि तरीही तो सावरला नाही, कारण रावण कसा दिसावा आणि लंका कशी असावी हे ठरवण्याचा काळ केव्हाच उलटून गेला होता, शेवटी जोडलेले पाच महिने सुरुवातीच्या विचाराची जागा घेऊ शकत नाहीत. आता नितेश तिवारींचे दोन भागांतले ‘रामायण’ येऊ घातले आहे. त्याचे निर्माते नमित मल्होत्रा हे प्राइम फोकसचे संस्थापक आहेत, ज्यांच्या डीएनईजी या व्हीएफएक्स स्टुडिओने ‘ड्यून’साठी ऑस्कर मिळवले, म्हणजे दहा आठवड्यांच्या घाईत काय होते हे या माणसाने जवळून पाहिले आहे. या वेळी चित्रपट त्यांचा, स्टुडिओ त्यांचा आणि वेळापत्रकही त्यांचे आहे. दिवाळी २०२६ आणि दिवाळी २०२७ या तारखा त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्येच जाहीर केल्या. काम त्या तारखांना पुरे होत असेल तर उत्तमच. होत नसेल तर त्यांनी तारीख खुशाल बदलावी, आणि तशी बदलली तर निदान मराठी चाहत्यांनी तरी त्यांना नावे ठेवू नयेत.